पहिला एडवर्ड : १२९४ साली नेमकं काय बिघडलं?

तागडी (धागाकर्ता)

इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक तर स्कॉटलंडचा कर्दनकाळ, नाही तर कायदे करणारा शहाणा राजा. दोन्ही खरं आहे, पण एक कोडं तसंच राहतं. १२७४ ते १२९४ या वीस वर्षांत ज्याचं जवळपास प्रत्येक काम तडीस गेलं, त्याचीच पुढची तेरा वर्षं अर्धवट किल्ले, पळणारं पायदळ आणि थकलेले पगार यांत का गेली? वय झालं, राणी वारली, जुने सल्लागार गेले, ही कारणं नेहमी दिली जातात. माझ्या मते मुख्य कारण जमाखर्चाच्या वहीत आहे.

आधी चरित्र उरकून घेतो. जन्म जून १२३९, वेस्टमिन्स्टर. वडील तिसरा हेन्री, आई प्रोव्हान्सची एलिनॉर. १२५४ मध्ये कॅस्टीलच्या एलिनॉरशी लग्न. १४ मे १२६४ ला लुइसच्या लढाईत सरदारांचा पुढारी सायमन द माँटफर्ट जिंकला आणि एडवर्ड ओलीस राहिला. पुढच्या मे महिन्यात हेरफर्डला त्याने पहारेकऱ्यांचे घोडे पारखायच्या मिषाने एकेक करून दौडवले, दमवले आणि ताज्या घोड्यावर बसून पसार झाला. ४ ऑगस्ट १२६५ ला ईव्हशॅमच्या रणात माँटफर्ट मारला गेला. १२७० मध्ये एडवर्ड क्रूसेडवर (धर्मयुद्धावर) गेला. १२७२ मध्ये अक्रा इथे मारेकऱ्याच्या सुऱ्यातून बचावला. वडील १६ नोव्हेंबर १२७२ ला गेले तेव्हा हा सिसिलीत होता. रमतगमत परतला, राज्याभिषेक १९ ऑगस्ट १२७४. मृत्यू ७ जुलै १३०७, स्कॉटलंडच्या सीमेवर बर्ग बाय सँड्स इथे, हगवणीने.

आता पैसा. १ पौंड म्हणजे २० शिलिंग, म्हणजे २४० पेन्स. मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. हे नाणं नव्हतंच, नुसतं हिशोबाचं माप. रोजंदारी साधारण अशी: मजूर दीड ते दोन पेन्स, कसबी पाथरवट चारच्या आसपास, पायी तिरंदाज २ पेन्स, नाईट २ शिलिंग. राजाची नेहमीची वर्षाची आवक २५ ते ३० हजार पौंड. एवढ्यात दरबार चालतो, मोठं युद्ध चालत नाही.

१२७५ च्या पार्लमेंटमध्ये त्याने निर्यातीवर कायमची जकात मंजूर करून घेतली. लोकरीच्या दर पोत्यामागे अर्धा मार्क (६ शिलिंग ८ पेन्स), लोकरीसकट ३०० कातड्यांमागे तेवढीच. पोतं म्हणजे ३६४ पौंड वजन, साधारण १६५ किलो. त्याला अडीचशेच्या आसपास मेंढ्यांची लोकर लागते. यातून वर्षाला १० हजार पौंड यायचे. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण ती दरवर्षी येणारी होती, आणि सावकाराला तारण म्हणून तेच हवं असतं. इटलीतल्या लुक्का शहरच्या रिकार्डी पेढीने ही जकात थेट आपल्या हातात घेतली आणि राजाला लागेल तेव्हा लागेल तेवढी रक्कम पुढे केली. १२७२ ते १२९४ मध्ये एकूण सुमारे ३,९२,००० पौंड. हे एकरकमी कर्ज नव्हे, फिरती उचल आहे. आज वेल्समध्ये पगार वाटायचाय, पट्टी (कर) सहा महिन्यांनी गोळा होणार. मधली दरी रिकार्डी भरत.

१२९४ मध्ये चार महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. मे महिन्यात फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने एडवर्डचा फ्रान्समधला गॅस्कनी प्रांत जप्त केला. लढाई म्हणजे रोकड हवी, पण फिलिपने रिकार्डींच्या फ्रान्समधल्या मालमत्तेवरही हात टाकलेला आणि पोपही आपल्या ठेवी मागत होता. पेढी पैसे देऊ शकेना. जुलैत एडवर्डने चिडून जकात काढून घेतली, म्हणजे वीस वर्षांची व्यवस्था स्वतःच मोडली. आणि सप्टेंबरअखेर, गॅस्कनीला निघालेलं सैन्य बंदरात असताना वेल्समध्ये मॅडॉग ॲप लुएलिनचा उठाव झाला.

१२९४ ते १२९८ या चार वर्षांच्या लढायांचा खर्च साडेसात लाख पौंडांच्या घरात जातो. नेहमीच्या आवकेशी ताडून बघा.

किल्ले, नाणी, कायदे यांतल्या जाणकारांनी भर घालावी.

---

बुरुजबंद

वाचनखूण साठवली. किल्ल्यांची बाजू मी मांडतो, कारण थकलेल्या पगाराचा सगळ्यात चांगला पुरावा तिथेच आहे.

उत्तर वेल्समधल्या कामाचे तीन हप्ते. १२७७ च्या युद्धानंतर फ्लिंट आणि रिद्लान. १२८२ च्या युद्धात वेल्सचा अधिपती लुएलिन ११ डिसेंबरला मारला गेला, मग १२८३ पासून कॉनवी, कायर्नार्व्हन, हार्लेक. आणि मॅडॉगचं बंड मोडल्यावर १२९५ मध्ये बोमारिस. खर्चाचे ढोबळ आकडे: कॉनवी गावकुसासकट १५ हजार पौंड, हार्लेक ८ हजारांच्या वर थोडं, कायर्नार्व्हन २० ते २५ हजार, बोमारिस साडेचौदा हजार आणि तरी अपुरा. कारभारी स्थपती सॅव्हॉयचा मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. त्याला रोज ३ शिलिंग, आणि तो आधी वारल्यास बायको अँब्रोझियाला रोज दीड शिलिंग अशी तहहयात नेमणूक. तिरंदाजाच्या अठरापट पगार!

काम कसं चालायचं? आधी माणसं. शेरीफला (परगण्यातल्या राजाच्या अंमलदाराला) हुकूम जायचा की तुझ्या परगण्यातून इतके बेलदार, इतके सुतार, इतके पाथरवट पाठव. ही वेठ नव्हे, रोजंदारी मिळायची. पण यायचं की नाही हे विचारलं जात नसे. सगळे चेस्टरला जमायचे आणि तिथून पुढे. पहिली तुकडी खंदक खोदणाऱ्यांची आणि लाकूडतोड्यांची, कारण कच्चा कोट उभा राहिल्याशिवाय पाथरवट सुरक्षित नाहीत. बांधकामाचा हंगाम वसंतापासून थंडी पडेपर्यंत. ओल्या चुन्यात दंव शिरलं की सांधा फुटतो आणि वसंतात वरचे थर उचकटून पुन्हा रचावे लागतात. म्हणून थंडी पडायच्या आत उघड्या भिंतींचे माथे पेंढा-गवताने झाकून टाकायचे. हिवाळ्यात फक्त खाणीतलं काम आणि दगड घडवणं.

कॉनवी, हार्लेकच्या गोल बुरुजांवर बारीक पाहिलं तर परांचीची भोकं आडव्या ओळीत नसून बुरुजाभोवती चढत जाताना दिसतील. परांची म्हणजेच चढणीचा रस्ता. दगड खांद्यावर घेऊन माणूस गोल फिरत वर जातो, प्रत्येक थराला वेगळी शिडी आणि वेगळा रहाट लागत नाही. ही सॅव्हॉयची रीत. यावरूनच कारागीर कुठून आले ते ओळखता आलं. कॉनवीचा किल्ला आणि २१ बुरुजांचं गावकूस चार-पाच हंगामांत उभं राहिलं ते असं. तिथे आधी सिस्टर्शियन मठ होता, तो उचलून सुमारे आठ मैलांवर मेनन इथे हलवला.

आता पुरावा. २७ फेब्रुवारी १२९६ ला मास्टर जेम्स आणि वॉल्टर ऑफ विंचेस्टर यांनी बोमारिसहून राजाच्या खजिन्याला पत्र लिहिलं. आशय असा: आठवड्याला २५० पौंड लागतील. एवढा पैसा जातो कुठे असं वाटत असेल तर ऐका. ४०० पाथरवट, २,००० साधे मजूर, २०० खाणकामगार, ३० लोहार, शिवाय सुतार. १०० छकडे, ६० मोठ्या गाड्या, आणि दगड व दगडी कोळसा आणणाऱ्या ३० होड्या. यात शिबंदी धरलेली नाही, मालाची खरेदीही धरलेली नाही. मजुरांचे पगार थकलेत, त्यांच्याकडे खायला काही नाही, त्यांना धरून ठेवणं मुश्कील झालंय. ताजा कलम तर आणखी बोलका आहे: देवासाठी पैसे लवकर पाठवा, नाही तर आजवर केलेलं सगळं वाया जाईल.

---

रोजमेळ

वरच्या पत्रातला आकडा फुगवलेला आहे का, हे पडताळून बघू. आठवड्याला ६ दिवस धरू.

४०० पाथरवट × ४ पेन्स × ६ = ९,६०० पेन्स = ४० पौंड. २,००० मजूर × २ पेन्स × ६ = २४,००० पेन्स = १०० पौंड. २०० खाणकामगार मजुरांच्याच दराने १० पौंड. झाले १५० पौंड. लोहार, सुतार, १६० गाड्यांचे बैल-घोडे नि हाकणारे, ३० होड्यांवरचे खलाशी यांत उरलेले १०० सहज जातात. दर माझे ढोबळ आहेत, पण जेम्स थाप मारत नव्हता एवढं कळतं.

आणि ३० आठवड्यांचा हंगाम धरला तर ७,५०० पौंड. राजाच्या नेहमीच्या आवकेचा चौथा हिस्सा एकट्या बोमारिसला! हे चालू असताना गॅस्कनीत सैन्य, स्कॉटलंडमध्ये सैन्य. पैसे थकणारच.

---

प्रश्नचिन्ह_२

छान धागा. दोन शंका. (१) हे किल्ले अजिंक्य होते ना? मग एवढं बंड पेटलंच कसं? (२) पैसा कमी पडला तर जनतेवर पट्टी बसवायची, ते राजाच्या हातात नव्हतं का?

---

बुरुजबंद

(१) अजिंक्य नव्हते. १२९४ मध्ये कायर्नार्व्हन सरळ पडला. त्याची गावाकडची, म्हणजे उत्तरेची बाजू अजून उभीच राहिली नव्हती; तिथे खंदकापलीकडे गाव आणि गावकूस एवढाच आडोसा. बंडखोर गावकूस ओलांडून आत आले, गाव जाळलं आणि किल्ला त्यांचा झाला. पैसा वाचवण्यासाठी जी बाजू मागे ठेवली होती, नेमकी तीच.

उलट हार्लेक तगला. शिबंदी किती? किल्लेदारासाठी ठरलेली नेमणूक ३० माणसांची, त्यांतले १० आडव्या धनुष्याचे तिरंदाज, एक पाद्री, एक लोहार, एक सुतार, एक गवंडी. उरलेल्यांतून द्वारपाल आणि पहारेकरी. एवढ्या लोकांनी तो टिकवला. कारण कडा आणि समुद्राकडून चढणारी वाट. तेव्हा समुद्र कड्याच्या पायथ्याजवळ होता (आता बराच मागे हटलाय). जमिनीकडून वेढा पडला तरी आयर्लंडहून गलबतं रसद घेऊन पायथ्याशी लागत आणि १०८ पायऱ्यांवरून ती वर चढवली जाई.

हेच सूत्र सगळीकडे आहे. रिद्लान समुद्रापासून आत होतं, तर क्लुइड नदीचं वळणदार पात्र दोन मैलांहून जास्त सरळ खोदून गलबतं तटापर्यंत आणली. बोमारिसच्या दाराशी भरतीच्या वेळी ४० टनी गलबत लागेल, हे जेम्सने त्या पत्रात अभिमानाने लिहिलंय. तट जाड करण्यापेक्षा पाण्याची वाट उघडी ठेवणं स्वस्त पडतं. अर्थात पाणी दगा देऊही शकतं. मॅडॉगच्या बंडाच्याच हिवाळ्यात राजा स्वतः कॉनवीत अडकला: नदीला पूर, पलीकडून रसद येईना, आतल्यांनी काटकसरीवर दिवस काढले.

---

तागडी

(२) चं उत्तर. पट्टी बसवणं त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं, आणि बसवली तरी दरवर्षी कमी येत गेली.

पद्धत अशी. पार्लमेंटने जंगम मालमत्तेचा ठरावीक हिस्सा मंजूर करायचा: पंधरावा, नववा वगैरे. मग परगण्यात मुख्य आकारणीदार नेमायचे, त्यांनी गावागावांतून जाणती माणसं शपथेवर बसवायची आणि त्यांनी घरोघरी धान्य, गुरं, मेंढ्या, भांडी यांची किंमत लावायची. सुगीनंतर, कारण तेव्हा कणग्या भरलेल्या असतात. अगदी गरिबांना सूट, नाईटच्या घोड्या-चिलखतालाही सूट. मेख इथेच आहे: किंमत लावणारा गावचाच. एकदा पट्टी बसली तर ठीक, पण सलग चार वर्षं बसायला लागली की गुरं रानात जातात आणि कणगी अर्धी दिसते.

आकडे बघा, हजारांत मोडले आहेत. १२७५ चा पंधरावा ८१ हजार पौंड. १२८३ चा तिसावा ४३ हजार. १२९० चा पंधरावा १ लाख १६ हजार. १२९४ मध्ये खेड्यांकडून दहावा आणि शहरांकडून सहावा, मिळाले ८२ हजार. १२९५ मध्ये अकरावा आणि सातवा, ५३ हजार. १२९६ मध्ये बारावा आणि आठवा, ३९ हजार. १२९७ चा नववा, ३४ हजार.

हिस्सा वेगवेगळा आहे म्हणून नुसती रक्कम पाहू नका, उलटा गुणाकार करा. १२९० मध्ये आकारलेली मालमत्ता १५ × १,१६,००० म्हणजे १७ लाखांच्या वर. १२९७ मध्ये ९ × ३४,००० म्हणजे ३ लाखांच्या थोडं वर. सात वर्षांत देश साडेपाच पटींनी गरीब झाला नव्हता. लपवाछपवी, सवलती आणि खरंच आलेली टंचाई, तिन्ही यात आहेत.

शिवाय १२९४ मध्ये लोकरीवर पोत्यामागे ४० शिलिंगांची जादा जकात आली. लोकांनी तिला नावच 'वाईट कर' असं ठेवलं, मालटोल्ट. व्यापाऱ्याने ती भरली, पण मेंढपाळाला तेवढाच कमी भाव दिला. तिसरी गोष्ट म्हणजे सैन्यासाठी धान्याची सक्तीची खरेदी. राजाचा माणूस गहू उचलतो आणि हातात लाकडी चिपाड ठेवतो: रकमेच्या खाचा पाडलेली काठी उभी चिरून एक फाक शेतकऱ्याला, एक खजिन्याला. दोन्ही फाकांच्या खाचा जुळल्या की पैसे. हिशोबाला चोख पद्धत आहे, फसवता येत नाही. पण खजिना रिकामा असला तर त्या फाकेने चूल पेटवण्यापलीकडे काही करता येत नाही.

---

अर्धी दमडी

नाण्यांबद्दल कुणी लिहिलंच नाही, म्हणून.

एडवर्ड गादीवर आला तेव्हा चलनात पेनी हे एकच नाणं होतं. अर्धी किंवा पाव पेनी हवी तर नाणं कात्रीने तोडायचं. मागच्या बाजूचा लांब क्रूस त्यासाठी रेघ म्हणूनच उपयोगी पडे. एकदा कात्री लावायची सवय झाली की कडेची चांदी कातरून घेणारेही निघतात. १२७८ च्या नोव्हेंबरात कातरीच्या आरोपावरून देशभरातल्या ज्यूंची धरपकड झाली, सहाशेहून जास्त लोक. खटल्यांच्या नोंदींवरून लावलेला हिशोब असा की २६९ ज्यू आणि २९ ख्रिस्ती फासावर गेले. हे प्रमाणच सगळं सांगतं. कातरणारे दोन्हीकडे होते.

१२७९ मध्ये नवं नाणं आलं. टॉवरच्या (लंडनच्या टांकसाळीच्या) एका पौंड वजनातून २४३ पेन्स पाडायचे, चांदी साडेब्याण्णव टक्के. गोल अर्धी पेनी आणि गोल फार्दिंग (पाव पेनी) टांकसाळीतच पाडायला सुरुवात झाली, त्यामुळे तोडायची गरज संपली. चार पेन्सचं ग्रोटही काढलं, पण ते चाललं नाही. मागच्या बाजूला टाकसाळ्याचं नाव घालायची जुनी चाल बंद करून फक्त गावाचं नाव ठेवलं. जुनं नाणं तपासताना ही खूण लक्षात ठेवा: एडवर्डच्या नव्या पेनीवर माणसाचं नाव जवळपास नसतंच.

नाणं इतकं चांगलं होतं की त्यानेच घोळ केला. नेदरलंडमधल्या सरदारांनी तशाच दिसणाऱ्या, पण कमी चांदीच्या पेन्स पाडल्या. डोक्यावर मुकुटाऐवजी फुलांचा हार असलेल्या त्या 'क्रॉकर्ड', उघड्या डोक्याच्या 'पोलार्ड'. युद्धासाठी चांगली चांदी बाहेर जात होती आणि व्यापारात ही आत येत होती. १२९९ च्या नाताळापासून या नाण्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणली आणि १३०० च्या ईस्टरला ती चलनातून बाद केली. राजाने आधी अर्धं बुडवलं, मग सगळं. ज्याच्या गाठोड्यात होती त्याची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

---

प्रश्नचिन्ह_२

१२९० चा पंधरावा इतका मोठा कसा? आणि ज्यूंची हकालपट्टीही त्याच वर्षी ना?

---

तागडी

संबंध सरळ आहे. १८ जुलै १२९० चा हुकूम, १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडायचा. त्याच उन्हाळ्यात पार्लमेंटने पंधरावा मंजूर केला. देशातले ज्यू तेव्हा दोन-तीन हजारच उरले होते. १२७५ च्या कायद्याने त्यांची सावकारी बंद केली होती आणि जबर पट्ट्यांनी त्यांना आधीच नागवलं होतं. म्हणजे राजाच्या दृष्टीने त्यांच्याकडून यायचं काही शिल्लक नव्हतं, आणि त्यांना घालवण्याच्या बदल्यात मात्र त्याच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी पट्टी पदरात पडत होती. काही इतिहासकार धर्मश्रद्धेवर जास्त भर देतात, तेही खोटं नाही. पण हा सौदा मला तरी त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत थंड डोक्याचं क्रौर्य वाटतं. ज्यूंना पुन्हा राहू देण्याची वेळ १६५६ मध्ये आली.

---

सनदशीर

कायद्याच्या अंगाने. 'इंग्लंडचा जस्टिनियन' ही एडवर्डची पदवी थोडी फसवी आहे, कारण त्या रोमन सम्राटासारखी कायद्यांची संहिता त्याने केली नाही. एकेक दुखणं हेरून त्यावर एकेक कायदा केला.

सुरुवात १२७४-७५ च्या चौकशीपासून. प्रत्येक हंड्रेडमध्ये (परगण्याचा पोटभाग) जाऊन ज्यूरींना विचारलं: राजाचे कोणते हक्क कुणी बळकावलेत? कोणता अंमलदार लाच खातो? त्या नोंदींचे गुंडाळे आजही आहेत. मग १२७८ पासून 'को वॉरंटो', म्हणजे 'कोणत्या सनदेने?'. तुझ्या जागी तू फाशी देतोस, बाजार भरवतोस, तर सनद दाखव. घोटाळा असा झाला की शेकडो जुन्या घराण्यांकडे सनद नव्हतीच, नुसती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. सनद नाही म्हणून हक्क काढायचे म्हटले तर निम्मे सरदार उठतील. सोडून द्यायचे तर चौकशीला अर्थ नाही. बारा वर्षं दावे तुंबले. १२९० मध्ये तोडगा निघाला: पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणापासून, म्हणजे ३ सप्टेंबर ११८९ पासून वहिवाट अखंड असेल तर हक्क मान्य.

तीच ११८९ ची रेघ इंग्लिश कायद्यात 'अनादी काळ' म्हणून कायम झाली. आपल्याकडे रूढी शाबीत करताना हा मुद्दा इंग्लिश कायद्याबरोबर आलाच होता. भारतीय न्यायालयांनी रूढी जुनी हवी हे मानलं, पण ११८९ ची अट इथे लागू नाही असं ठरवलं.

बाकी थोडक्यात: १२७९ मध्ये चर्चला जमीन देण्यावर बंदी, १२८३ आणि १२८५ मध्ये व्यापाऱ्यांची येणी नोंदवून वसूल करण्याची सोय, १२९० चा 'क्विया एम्प्टोरेस'. त्यानुसार जमीन विकली की विकणारा मधून बाजूला होतो, घेणारा थेट वरच्या धन्याचा कूळ होतो. हा अजून इंग्लंडच्या कायद्यात आहे. १२९४ नंतर मात्र अशा तोलाचा एकही कायदा नाही. धागाकर्त्याच्या मुद्द्याला पुष्टी म्हणा.

---

पाणवाट

धागा आवडला पण निष्कर्ष जरा सोयीचा वाटतो. पैसा नव्हता तर १२९६ मध्ये स्कॉटलंडशी लढून बर्विक आणि डनबार कसं जिंकलं? १२९८ मध्ये फॉलकर्क? १३०४ मध्ये स्टर्लिंगचा वेढा तर तीन महिने चालला. चर्चच्या छपरांवरचं शिसं उतरवून गोफणयंत्रांना प्रतिभार म्हणून लावलं, 'वॉरवुल्फ' नावाचं अजस्र यंत्र तिथेच सुमारे पन्नास कामगारांनी उभं केलं, आणि आतल्यांनी शरणागती देऊ केल्यावरही ते एकदा चालवून पाहिल्याशिवाय राजा ती घेईना. कंगाल राजाची ही लक्षणं?

---

तागडी

चांगला आक्षेप. जिंकायला पैसा एकदाच लागतो, राखायला दर आठवड्याला. हा फरक आहे.

फॉलकर्कच्या आधी पटावर २५ हजारांहून जास्त पायदळ होतं, त्यात वेल्श दहा हजारांवर. धान्याची गलबतं वाऱ्याने अडली आणि दारूची आधी पोचली. उपाशीपोटी दारू, मग वेल्श आणि इंग्लिश यांच्यात मारामारी. २२ जुलैची लढाई जिंकली, पण रसद नसल्याने स्कॉटिश पुढारी वॉलेसचा पाठलाग पुरा करता आला नाही. १३०० मध्ये जुलैत पटावर ९ हजारांवर पायदळ होतं, ऑगस्टमध्ये ५ हजारांच्या आसपास. माणसं मेली नाहीत, घरी गेली. २ पेन्सवर आलेल्याला तेही वेळेवर मिळेनात तर तो सुगीला शेतावरच जाणार. फर्मानं निघाली, पळालेल्यांना पकडायचे हुकूम निघाले, उपयोग शून्य.

आणि १२९७ विसरू नका. पोपच्या आज्ञेवर बोट ठेवून पाद्र्यांनी कर नाकारला. राजाने त्यांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलं, आणि संरक्षण परत हवं तर मालमत्तेच्या पाचव्या हिश्श्याएवढा दंड घेतला. बिगॉड आणि बोहन या दोन अर्लांनी (बड्या सरदारांनी), राजा स्वतः नसेल तर आम्ही गॅस्कनीला जाणार नाही, असं तोंडावर सांगितलं. ऑगस्टमध्ये राजा फ्लँडर्सला गेला, ११ सप्टेंबरला वॉलेसने स्टर्लिंगच्या पुलावर इंग्लिश सैन्य बुडवलं, आणि १० ऑक्टोबरला मागे उरलेल्या कारभाऱ्यांनी घाईघाईने मॅग्ना कार्टाची (राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या जुन्या सनदेची) पुन्हा खातरजमा करून दिली. देशाच्या संमतीशिवाय असे कर नाहीत, मालटोल्ट रद्द. पुलावर हार झाली नसती तर अर्लांशी तडजोड इतक्या लवकर झाली असती असं वाटत नाही.

नंतर फ्लॉरेन्सच्या फ्रेस्कोबाल्डी पेढीला धरलं, १३०३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांकडून पोत्यामागे ३ शिलिंग ४ पेन्स जादा घेतले. पण रिकार्डींची घडी पुन्हा बसली नाही. वारला तेव्हा देणं दोन लाख पौंडांच्या आसपास.

---

पाणवाट

राखायला दर आठवड्याला, हे पटलं. वॉरवुल्फबद्दल मात्र माझं मत कायम. तो हट्टी म्हातारा होता.

---

रोजमेळ

अवांतर, पण तारखा वाचणाऱ्यांना उपयोगी. त्या काळच्या कागदांवर सन नसतो, राज्यवर्ष असतं. एडवर्डचं राज्यवर्ष २० नोव्हेंबर १२७२ पासून मोजतात, वडील वारले त्या दिवसापासून नाही. राज्यवर्षात १२७१ मिळवा: २० नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर त्या सनात, उरलेले महिने पुढच्या सनात. बोमारिसचं पत्र २४ व्या वर्षातलं. २४ + १२७१ = १२९५, पण महिना फेब्रुवारी म्हणून १२९६. शिवाय तेव्हा इंग्लंडमध्ये सन २५ मार्चला बदलायचा, त्यामुळे जुन्या पुस्तकांत हेच पत्र १२९५ चं म्हणून भेटू शकतं. दोन तारखा जुळेनात तर आधी हे तपासा.

---

प्रश्नचिन्ह_२

हे किल्ले पाहायचे तर कोणत्या क्रमाने? गाडी नसेल तर?

---

बुरुजबंद

कॉनवी, कायर्नार्व्हन, हार्लेक आणि बोमारिस हे चारही १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. कॉनवीचं रेल्वे स्टेशन गावकुसाच्या आतच आहे. आधी कुसावरून फिरा, मग किल्ला. परांचीची भोकं बाहेरून जास्त चांगली दिसतात. कायर्नार्व्हन आणि बोमारिसला नेहमीची रेल्वे जात नाही, दोन्हीसाठी बँगोरहून बस. हार्लेकचं स्टेशन कड्याच्या पायथ्याशी आहे पण ती वेगळी मार्गिका, त्याला दुसरा दिवस ठेवा आणि चढाईचा दम धरा.

बोमारिस शेवटी ठेवा. भुईकोट आहे, पाण्याचा खंदक, बाहेरचा पडकोट आणि आतला कोट असे एकात एक. आखणीत चौघांत सर्वांत देखणा. आत शिरलात की मागे वळून दक्षिण दरवाज्याची आतली बाजू पाहा. ती पायाच्या थोडी वर येऊन थांबलीय. समोरच्या उत्तर दरवाज्याच्या दिवाणखान्याच्या खिडक्या आहेत, वरचा मजला नाही. बुरुज सगळे ठेंगणे. मास्टर जेम्सचं पत्र मोबाईलवर घेऊन तिथेच वाचा.